बंदूक बांधाबाहेर

मिठागरावरच्या कारभाऱ्यानं बंदुकीची नळी माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. मारायला नव्हे, नेम धरायला. मिठागराच्या कडेला पाण्यात बदकं उतरली होती आणि त्याचा हात कापायचा.

"वाक जरा. हलू नकोस," तो म्हणाला.

मी वाकलो. श्वाससुद्धा रोखला. माझी बायको मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर उभी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्यासमोर त्यानं माझा खुंटा केला. बार माझ्या कानाशी उडाला. गालाला दारूचा चटका बसला, कानात शिट्टी सुरू झाली.

"जा, आण," तो म्हणाला.

मांडीभर चिखलातून मी मेलेलं बदक आणलं. "आता कुत्रा पाळायला नको," असं म्हणून तो हसला. बाकीचे हसले. घाबरून हसले, पण हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

मग ते रोजचंच झालं. बदकं उतरली की मला हाक. हंगाम संपेपर्यंत माझा उजवा कान गेला.

तुम्ही म्हणाल, काम सोडायचं होतं. सोडून जायचं कुठे? आमच्या घरीही एक बंदूक होती. ठासणीची, आजाच्या वेळची. भात तयार होत आलं की कोपर गावातल्या आमच्या शेतात रानडुकरं शिरायची. बाप राखणीच्या माचावरून हवेत एक बार काढायचा, की पळायची. मग सरकारचा कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार ठेवायचं नाही. गोऱ्या साहेबाला परवाना लागत नव्हता. मिठागराच्या शेटनं आपल्या कारभाऱ्यासाठी अर्ज केला, त्याला मिळाला. मीठ राखायला, म्हणे. माझा बाप बंदूक घेऊन ठाण्याच्या कचेरीत चालत गेला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "तुझ्याकडे राखण्यासारखं आहे तरी काय?"

"भात हाय," बाप म्हणाला.

सगळी कचेरी हसली. बंदूक तिथंच ठेवून घेतली. बाप रिकाम्या हातानं घरी आला आणि त्या साली माचावर चढलाच नाही. डुकरांनी शेत उकरून काढलं. पुढच्या सालीही तेच. उरलं फक्त मिठागर. एकीकडे खाडी, तिन्हीकडे बांध, आणि बांधावर तो बंदूक घेऊन उभा. जीव घुसमटायचा. राग यायचा तो त्याच्यापेक्षा माझ्याच वाकलेल्या पाठीचा.

कान गेला त्याच्या पुढच्या हंगामात मिठाचे वाफे तुडवायला लागलो. मीठ धरायच्या आधी वाफ्याची ओली माती पायांनी घट्ट करावी लागते. बाया-पुरुष एका रांगेत, शेजारच्याच्या खांद्यावर हात, सगळ्यांचा पाय एकदम. अनवाणी. वाफ्यात जोडा घालून कोणी उतरत नाही. आणि मध्येच थांबायचं नाही. अर्धवट तुडवलेल्या मातीला ऊन लागलं की भेगा पडतात, वाफा फुकट जातो.

माझ्या डावीकडे बाप, उजवीकडे बायको. कारभारी बूट घालून सरळ वाफ्यात शिरला.

"अरे, चल. बदकं उतरलीत."

बायकोचा हात माझ्या उजव्या खांद्यावर होता. तिनं तो काढला नाही, बोटं रुतवली. तिची चीड मला तेव्हा कळली.

"खांदा मोकला नाय," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"मी नाय येत. बंदूक बांधाभायेर ठेवा. तवर आमी पाय नाय उचलनार."

'आमी' मी कुणाला विचारून म्हणालो नव्हतो. त्यानं नळी माझ्या छातीवर रोखली. तेवढ्यात बापानं डावा खांदा घट्ट धरला. रांगेतला एकही पाय हलला नाही. ऊन चढलं. त्याच्या बुटापाशी मातीला पहिली भेग गेली. त्यानं ती पाहिली. शेटला काय सांगायचं, ही भीती त्याच्या तोंडावर दिसली. शिव्या देत त्यानं बंदूक बांधापलीकडच्या झोपडीत नेऊन ठेवली. मग आम्ही पाय उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावरच आडवा आला. बंदूक पुन्हा हातात.

"तुला काम नाही."

बाकीचे खाली मान घालून आत गेले. त्यांना मी दोष देत नाही. बाप आणि बायको मात्र माझ्याबरोबर माघारी फिरली.

आता आम्ही तिघं पुन्हा भात लावतो आणि थाळ्या बडवत डुकरांमागे धावतो. निम्मं भात तरी जातंच. शेटनं दोनदा माणूस पाठवला, झालं गेलं विसर, कामावर ये म्हणून. दोन्ही वेळा मी एकच विचारलं, "बंदूक कंय हाय?"

"कारभाऱ्याकडे."

ती बांधाच्या आत आहे तोवर माझा पाय त्या वाफ्यात पडणार नाही. ही पाठ आता वाकली, तर भात लावायलाच वाकेल.