सिरसाळ्याच्या बाजारातला रुमाल

तुम्हीपण आप्पांचीच बाजू घेणार ना? घ्या! पण बीडच्या स्टँडवर परळी गाडीच्या खिडकीतून रुमाल आधी मी टाकला होता. धारूरच्या आप्पांनी डोक्याचं मुंडासं सोडून त्याच सीटवर टाकलं, ते नंतर.

"पोरी, ते फडकं हाय. रुमाल ह्यो," आप्पा म्हणाले.

भाषा हा माझा कॉलेजातला विषय, मग काय! फारसीत रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारं. रुमालाने तोंड पुसतात, आप्पा!

"बिदरकडचे कानडी व्यापारी बी डोक्याच्या मुंडाशाला रुमालच म्हणत्यात. ते काय येडे हायेत?"

त्यात जुन्या दप्तरातलं कागदांचं गाठोडंही रुमालच, हे मला आठवलं. 

"दोघं बसा की सरकून," कंडक्टर ओरडला.

बसलो. तेलगावला गरम भजी खा, चहा लई गोड असतो. दिंद्रुडपुढे खड्डे असे की शेजाऱ्याशी भांडण टिकतच नाही. आप्पांचा एक बैल गेला होता, उरलेल्या काळ्याला जोडीदार बघायला ते सिरसाळ्याच्या बाजाराला निघाले होते. मी नुसतीच भटकायला. लागले त्यांच्या मागे.

बाजारात रुमालाचं तिसरंच काम. दोघांच्या हातांवर तो टाकायचा, खाली बोटं दाबून भाव करायचा. बघणाऱ्याला पत्ता नाही. गयाबाई पांढरा बैल धरून उभ्या होत्या. लेकाने ट्रॅक्टर घेतलेला, बैल नकोसा झालेला.

व्यापारी रुमाल घेऊन अडला. "मावशी, बाईमानसाचा हात कसा धरू? लेकाला बोलवा."

"ऱ्हाऊ दे तुजा रुमाल. बैल औताला जानार का कापायला, त्ये तोंडानं सांग."

"सोयरीक करताव व्हय?"

"सोयरीकच हाय."

व्यापारी नुसता हसला. गयाबाईंनी कासरा आणखी आवळला.

आप्पांनी डोक्याचा रुमाल काढला. चारचौघांत, एवढ्या वयाच्या माणसाने. बैलाच्या शिंगांवर टाकला. "जागा धरली बगा. आमच्या काळ्यासंगं औताला. कवाबी घरी येऊन बगा." भावही मोठ्याने सांगितला.

"मी वर देतो!" व्यापारी ओरडला.

"रुमाल पडलाय बाबा," गयाबाई म्हणाल्या. "आता जागा न्हाई." कासरा आप्पांच्या हातात देऊन बैलाच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या.

आप्पा बैलाला घेऊन पायीच निघाले. शिंगांवरचा रुमाल काही काढला नाही, आणि ऊन तर असं! मी माझं फडकं दिलं. आप्पांनी चार कोपऱ्यांना गाठी मारून ते डोक्यावर चढवलं. "आता ह्यो बी रुमाल," म्हणाले.

घरी येऊन आठवडा झाला. रू आणि माल अजून बरोबरच आहेत, पण मनातून ती शिंगं जात नाहीत. पांढरा काळ्याशेजारी रुळला असेल ना? गयाबाईंना धारूरला जायला जमेल न जमेल, मी बघून येते. नवा रुमाल घेतलाय, मोठा. आणि ती बघा धारूर गाडी लागली! तुमचं म्हणणं नंतर. सरका, खिडकी उघडी आहे.