शुक्रवारचा फोन

मन्सूरला बढाया मारायची खोड होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उमेदीची सगळी वर्षं त्याने कुवेतला एका बड्या घरची गाडी हाकली आणि सन नव्व्याण्णवला तो राजापूरकडच्या आपल्या गावी, नाट्याला, कायमचा परतला. मग काय विचारता! चहाच्या टपरीवर बसला की त्याचा शेख, त्याचा वाळवंटातला रस्ता आणि त्याची गाडी. ऐकणाऱ्यांचे कान किटायचे, पण उठून कुणी जायचं नाही. कारण अख्ख्या मोहल्ल्याचे फोन त्याच्याच घरी यायचे.

त्या फोनचंही सांगायला हवं. मोबाइलचा टॉवर तेव्हा नाट्यापर्यंत पोचला नव्हता. मन्सूरच्या घरी साध्या फोनची लाइन होती, तिला त्याने कुवेतहून आणलेला लांब पल्ल्याचा कॉर्डलेस जोडला. कौलांवर लोखंडी पाइप उभा करून त्याच्या टोकाला अँटेना बसवली. हँडसेट घेऊन थेट बंदरावर जा, बोलणं खणखणीत. असले सेट वापरायला परवानगी लागते म्हणे. लागू दे! नाट्यात येऊन विचारतोय कोण? कुणाच्या पोराचा गल्फवरून फोन आला की मन्सूर हँडसेट घेऊन तरातरा त्याच्या दारात हजर व्हायचा.

आणि या फोनचा एक रिवाज होता, तो कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडतही नव्हतं. गल्फवरून आलेला फोन आपल्या बाजूने ठेवायचा नाही. पोर तिकडे उन्हात रांगेत उभं राहून, कार्ड घालून फोन लावतं. त्याचं बोलणं आपण तोडायचं म्हणजे दारात आलेल्याला हाकलल्यासारखं. बोलण्यासारखं काही उरलं नाही तरी हँडसेट आईकडून फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, फुफीकडून शेजारणीकडे फिरत राहायचा. तिकडचं कार्ड संपेल तेव्हाच तो गप्प व्हायचा.

गाडी नंतर आली. मुंबईत कुणा व्यापाऱ्याची वापरलेली, मरून रंगाची, पण नाकीडोळी नीटस. आधीच्या मालकाने तिला चोरांच्या भीतीने रिमोटवालं लॉक बसवून घेतलेलं. बटण दाबलं की गाडी 'पीं' करायची, दिवे मिचकावायची आणि मगच इंजिनाला करंट मिळायचा. पीं झालं नाही तर चावी घालून काही उपयोग नाही. गाडी ढिम्म, वर भोंगा बोंबलायला लागायचा. एकदोनदा रिमोट असा रुसलाही होता. मन्सूरने दोन शिव्या हासडल्या, विडी ओढली, परत बटण दाबलं तर झाली चालू. त्याने ते मनावर घेतलं नाही. घरात फोन आला की हा बाबा दुसऱ्याच्या दारात असायचा, मग फोनचा आणि गाडीचा काही संबंध असेल हे त्याला कळणार तरी कसं!

त्याचा एकुलता एक मुलगा अनस, तोही कुवेतलाच. त्याची बायको अलफिया केळशीची. गोड पोर. सासऱ्याच्या बढाया ऐकून घेणारी घरात ती एकटीच. "अब्बा, तो शेख तुम्हाला विमान का नाय चालवायला देत होता?" असं गंभीर तोंड करून विचारायची आणि रहिमा, तिची सासू, तोंडाला पदर लावून हसायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. मन्सूरने सगळ्या गावाला सांगून ठेवलं, माझी सून बाळंतपणाला एसटीने जाणार नाय, माझ्या गाडीतून रत्नागिरीला जाणार.

आठवा संपत आला होता. शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटपून मन्सूर घरी आला तेव्हा अनसचा नेहमीचा फोन चालू होता आणि रहिमा बोलत होती. तेवढ्यात आतून अलफियाने हाक मारली. तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं होतं. शेजारची तुळसा, जिने मोहल्ल्यातली निम्मी पोरं हातांवर घेतली होती, ती धावत आली आणि बघून मागे सरली. म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या.

रहिमा हँडसेट खाली ठेवून सुनेला उचलायला वाकली, तेव्हा मन्सूर तिच्यावर ओरडला.

"फोन ठेवू नको! पोराचा जीव तिकडे टांगणीला लागलाय. तिच्या कानाला लाव."

तिने लावला. खुर्चीत बसवून अलफियाला अंगणात आणलं. एका बाजूने तुळसा, दुसऱ्या बाजूने रहिमा, आणि अनस तिच्या कानात बोलत होता. मन्सूरने बटण दाबलं. गाडी गप्प. परत दाबलं, गाडीला टेकवून दाबलं, कुराणातली आठवतील ती आयत म्हणून दाबलं. शेवटी चावीनेच दार उघडलं, तर भोंगा सुरू झाला आणि इंजिन मात्र मेल्यासारखं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून रिमोटमध्ये घालायला गेला, तो बसेना. घाम डोळ्यांत उतरायला लागला.

भोंगा ऐकून पलीकडच्या आंब्याच्या बागेतून राजाभाऊ आले. त्यांची जीप सकाळीच रत्नागिरीला गेलेली. त्यांनी आपला गडी शिवा याला सायकलवर बसवून नाक्यावर टेम्पो बघायला पिटाळलं आणि स्वतः चार माणसं जमवून गाडीला खांदा लावला. ढकलत ढकलत पार फाटकापर्यंत नेली. काय व्हायचंय! करंटच नाही तिथे ढकलून काय उपयोग? अलफियाला मागच्या सीटवर निजवलं होतं. रहिमा खिडकीतून हात घालून हँडसेट तिच्या कानाशी धरून उभी होती, हलली म्हणून नाही. शिवाचा पत्ता नव्हता. सीटवरचं फडकं बदलून बदलून तुळसा थकली.

मग कुवेतला अनसचं कार्ड संपलं आणि फोन आपोआप तुटला. मन्सूरने शेवटचं म्हणून बटण दाबलं, तर पीं. दिवे मिचकावले. "अल्लाचे उपकार," तो म्हणाला आणि त्याने गाडी अशी सोडली की कुवेतच्या शेखने बघितली असती तर नोकरीवरून काढला असता. पण रत्नागिरीच्या अलीकडेच तुळसाने त्याला सांगितलं की आता एवढं पळवू नको. सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी पोटातल्या बाळालाही तपासलं आणि मान हलवली. थोडं आधी आणायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्या खरं तेच बोलल्या.

अनसला रजा मिळाली नाही. अलफियाच्या मातीला नवरा नव्हता.

चाळिसावा होऊन गेल्यावरची गोष्ट. मन्सूर राजापूरला बाजाराला निघाला होता. ओटीवर रहिमा आपल्या भावाशी बोलत बसलेली, तोही गल्फलाच. मन्सूरने रिमोट दाबला, गाडी गप्प. तो दाबत राहिला. ओटीवरचं बोलणं संपलं, रहिमाने हँडसेट जागेवर ठेवला, आणि गाडी पीं म्हणाली. मग त्याने रहिमाला सांगितलं, जरा राजाभाऊंकडे फोन लाव, त्यांनी नुकताच घेतलाय, बागेतला पंप दुरुस्त झाला का विचार. ती बोलायला लागली, त्याने दाबलं, काही नाही. तिने फोन ठेवला, पीं. आणखी एकदा करून बघायचं त्याला धैर्य झालं नाही. त्याने वर कौलांवरच्या अँटेनाकडे बघितलं आणि तो पायरीवर मटकन खाली बसला. फोन चालू असला की ही वरून जे काही फेकत होती, त्यात रिमोटचा बिचाऱ्याचा आवाज गाडीपर्यंत पोचतच नव्हता. अनस बायकोशी बोलत होता तेवढा सगळा वेळ. आणि फोन ठेवू नको असं ओरडलं कोण? तो स्वतः.

रहिमाने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, सेल बसलाय. दुपारी शिडी लावून त्याने अँटेना खाली उतरवली, पाइपासकट, आणि हँडसेट खाडीत टाकून आला. गावाला सांगितलं, वीज पडून जळला. गाव चडफडलं, त्या आठवड्यात आभाळ निरभ्र होतं, पण फुकटच्या फोनबद्दल भांडणार कोण?

पुढच्या वैशाखात अनस आला. कबरीवर जाऊन आला, जेवला नाही, गाडीच्या बॉनेटला टेकून अंगणात उभा राहिला. मन्सूर त्याच्यापाशी गेला. पोटात काही न राहणारा माणूस तो, इतके महिने मूग गिळून बसलेला. पोराला एकदा सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने रात्रभर ठरवलं होतं. रिमोट खिशात होता.

"अब्बा, मला खरं सांगा," अनस म्हणाला. "गाडीला काय झाला होता?"

मन्सूरने तोंड उघडलं. पण अनस थांबला नाही.

"मला सगळं ऐकू येत होतं. भोंगा, तुमचा ओरडणं, सगळं. ती म्हणाली, तुम्ही बोलत राहा, मग मला भीती नाय वाटत. मी बोलत राहिलो. मातीला नाय आलो, पण तेवढा तरी मी तिच्याजवळ होतो. अब्बा, माझ्याकडे तेवढाच एक आहे."

मन्सूरने रिमोट खिशात घट्ट आवळून धरला.

"इंजिनाकडची तार गंजली होती," तो म्हणाला. "राजापूरच्या मिस्त्रीने बदलायला सांगितली होती. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. ढकलताना हलली आणि लागली."

अनस बॉनेटपासून बाजूला झाला.

"एका तारेसाठी?"

"होय," मन्सूर म्हणाला.

अनस आत गेला आणि त्याने बॅग भरली. रहिमा दारात आडवी पडली, राजाभाऊ समजावायला आले, पण तो केळशीला सासरच्यांना भेटून तिथूनच मुंबईला गेला आणि रजा उरलेली असताना विमानात बसला. तारेची गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. टपरीवर लोक मन्सूरला तोंडावर बोलायला लागले, चिकट म्हणायला लागले, आणि तो खाली मान घालून चहा संपवायचा. आता अनसचा फोन शुक्रवारी राजाभाऊंकडे येतो. रहिमा जाते, बोलून येते, आणि पोराची तब्येत कशी, जेवण कसं, ते सगळं सांगते. तो सगळं ऐकून घेतो. माझ्याबद्दल काही विचारलं का, एवढं मात्र तो तिला कधीच विचारत नाही.