त्या नाताळात मी हात पुढे केला नाही

नाताळात मनाला शांती मिळते, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळेच म्हणतात. मीही म्हणायचे. आता कोणी तसं म्हणालं, की मी विषय बदलते.

माझे वडील रेल्वेत होते. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी लोणावळ्यात बाजारापासून थोडं आत घर बांधलं. वडील गेल्यावर आई त्याच घरात माझ्या धाकट्या भावाजवळ राहिली. मी लग्न होऊन बेगडेवाडीला आले आणि तळेगावच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागले. भावाने हळूहळू घर वाढवलं. वर मजला चढवला, अंगणात पोहायचा तलाव बांधला, फाटकावर इंग्रजी पाटी लावली. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येऊन राहायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लोणावळ्यात निम्मे लोक हेच करतात. पाहुण्यांची वर्दळ असली तरी आईची खोली तेवढी आईची होती. पुढची, उन्हाची, खिडकीतून रस्ता दिसणारी.

मग आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दोन-तीनच शब्द उरले. पाणी, नको, आणि भावाचं लहानपणीचं लाडाचं नाव. माझं नाव नव्हतं त्यात. वाईट वाटलं, पण मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

वहिनीने आईचं पुष्कळ केलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. पुढे तिचीही पाठ धरली, तेव्हा त्यांनी भाजे गावातली एक मावशी दिवसभरासाठी लावली. सकाळी मळवलीहून लोकलने यायची, संध्याकाळी परत जायची. बौद्ध घरातली बाई, साठीला आलेली, बोलायला फटकळ. आईला अंघोळ घालताना एकीकडे तिच्याशी भांडायची. आई डाव्या हाताने तिला चापट मारायची आणि दोघी हसायच्या. मी रविवारी उपासनेनंतर आईकडे जायचे तेव्हा हे बघून मला बरं वाटायचं.

त्या डिसेंबरात, नाताळ अगदी तोंडावर आला असताना, मावशीचा दवाखान्यात फोन आला.

"ताई, तुमी या. आजीला मागल्या खोलीत टाकलंय."

"कुठल्या मागच्या खोलीत?"

"पंपाच्या. हितं लय गारठा हाय. खोकून खोकून जीव चाललाय तिचा."

अंगणाच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. वडिलांच्या वेळी तिथे जळण ठेवायचे. तलाव झाल्यापासून तिथे पाण्याचा पंप आणि क्लोरीनचे ड्रम होते. मला वाटलं मावशी वाढवून सांगतेय. तरी मी सुट्टी टाकून निघाले.

फाटकावर कागदाची मोठी चांदणी लावली होती, आत दिवा होता. अंगणात गाणी चालली होती, तलावाच्या काठावर मुलं ओरडत होती. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. आईच्या पलंगावर कोणाच्या तरी बॅगा होत्या. ओल्या केसांची एक बाई बाहेर आली आणि मला म्हणाली, "मावशी, गीझरचं पाणी गरमच येत नाहीये. जरा बघता का?"

मी सरळ मागे गेले.

आईची खाट ड्रम आणि भिंत यांच्या मध्ये बसवली होती. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून वारा येत होता. मावशीने स्वतःची शाल आईच्या डोक्याला गुंडाळली होती. क्लोरीनच्या वासाने माझेच डोळे चुरचुरायला लागले. आईचे तर लालबुंद झाले होते. मला बघून तिने तोंड हलवलं. बराच वेळ लागला, पण शब्द आला. भावाचं नाव.

भाऊ स्वयंपाकघरात होता.

"आई तिथे का आहे?" मी विचारलं.

"चार दिवसांचा प्रश्न आहे, ताई. सीझन आहे. बुकिंग आधीच झालेलं होतं. पुढची खोली दाखवूनच तर बुकिंग होतं."

"वरच्या खोलीत न्यायचं."

"जिन्यावरून कशी नेणार? आणि तिला काय कळतंय आता? तिथे शांत तरी आहे, इथे गाण्यांचा त्रास झाला असता."

तो खरंच असं म्हणाला. तिच्या सोयीसाठी हलवली, असं त्याला स्वतःलाही पटलं होतं.

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळून म्हणाली, "एवढी काळजी आहे तर न्या की तुम्ही. आम्ही दोन वर्षं काढलीत. तुम्ही एक आठवडा काढून बघा."

मी आईला नेलं. नवऱ्याला फोन केला, तो कंपनीतून सुटल्यावर ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आला. पाहुण्यांच्या गाड्यांनी फाटक अडलं होतं, म्हणून भावाला त्यांना विनवण्या करून गाड्या हलवायला लावाव्या लागल्या. आईमुळे नाही, पाहुण्यांना त्रास झाल्यामुळे तो वैतागला होता. मावशी आमच्याबरोबर गाडीत बसली. मळवलीला उतरायचं सोडून बेगडेवाडीपर्यंत आली, आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आईला खुर्चीत बसवून चढवायला हात लावला आणि मग शेवटच्या लोकलने परत गेली.

नाताळच्या दिवशी मी उपासनेला गेले नाही. आईचा खोकला थांबत नव्हता. मंडळीतल्या ओळखीच्या बायकांचे फोन आले, "सलाम, नाताळच्या शुभेच्छा," आणि शेवटी प्रत्येकीने विचारलं, "सणासुदीला आईला घरातून का नेलंत हो? भाऊ फार दुखावलेत." तेव्हा मला कळलं, की त्याने आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

आई होळीपर्यंत जगली. खोकला छातीत उतरला तो उतरलाच. शेवटच्या दिवसांत पाणी आणि नको हे शब्दही गेले, तरी ते एक नाव राहिलं. मी भावाला फोन करून सांगितलं, तुला हाक मारतेय. तो म्हणाला, येतो. आला तो दफनाच्या दिवशी.

दफनविधीत तो बोलायला उभा राहिला. आईची सेवा करायची संधी देवाने मला दिली, असं म्हणाला आणि रडला. रडणं खोटं नव्हतं, हे मला जास्त लागलं. बायका डोळे पुसत होत्या. नंतर पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मनात काही ठेवू नका. क्षमा करा, म्हणजे शांती मिळेल."

मी खरंच प्रयत्न केला. पुढे कितीतरी महिने रोज प्रार्थनेत म्हणायचे, प्रभू, मी भावाला क्षमा केली. आणि म्हणून झालं की अंग कापायचं, दात आवळले जायचे. दवाखान्यात फरशी पुसायला क्लोरीनचं पाणी घेतलं, की मी उठून बाहेर जायचे.

पुढच्या नाताळला मी लोणावळ्याच्या चर्चला गेले, आम्ही त्याला मंदिरच म्हणतो. लहानपणापासूनचं मंदिर ते, किती दिवस टाळणार? भाऊ तिथे पंच आहे, मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. प्रभूच्या जन्माचा पाठ दरवर्षी तोच वाचतो, आवाज चांगला आहे त्याचा. प्रभूच्या गर्भार आईला कुठे जागा मिळाली नाही, हेही त्याने वाचलं. कुठेही अडखळला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला काहीच आठवलं नव्हतं.

मग पाळकसाहेबांनी सांगितलं, की एकमेकांना शांतीचा सलाम करा. लोक उठले, हात मिळवायला लागले. भाऊ पुढून सरळ माझ्याकडे आला. सगळ्यांचं लक्ष होतं. त्याने हात पुढे केला.

"सलाम, ताई. झालं गेलं सोडून दे आता."

मी हळूच म्हटलं, "आईला पंपाच्या खोलीत ठेवलं होतं, एवढंच म्हण. मला एकटीला म्हटलंस तरी चालेल."

"आज सणाच्या दिवशी?" तो हसला, मान हलवली आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांना मिठी मारली. माझा हात मांडीवरच राहिला होता.

दारात पाळकसाहेब सगळ्यांना निरोप देत होते. म्हणाले, "ताई, मन फार कठीण केलंत."

"पाळकसाहेब, मला क्षमा करायला सांगितलंत. क्षमा माग, असं त्याला एकदा तरी सांगितलंत का?"

त्यांनी माझ्या मागच्या माणसाला सलाम केला.

घरी जावंसं वाटेना. परतीच्या लोकलमध्ये बसले आणि मळवलीला उतरले. भाज्याच्या रस्त्यावर लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मावशी दारात वाल सोलत बसली होती. मला बघून तिने गोणपाट पसरलं.

"भाऊ भेटला व्हय?"

"भेटला."

"काय म्हनला?"

"झालं गेलं सोडून दे म्हणाला."

मावशीने शेंग तशीच पाटीत टाकली. "म्या न्हाई सोडनार. माझ्याम्होरं उचलली खाट. नगं नगं करत व्हती आजी, डाव्या हातानं चौकट धरलीती तिनं. त्यानंच बोटं सोडवली एकेक."

हे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी रडले. आईच्या दफनाला रडले नव्हते एवढी रडले. मावशीने समजूत घातली नाही, पाणी दिलं आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

दुपारी तिने भाकरी आणि वालाची आमटी वाढली. जेवून मी अंगणातल्या बाजेवर उन्हात आडवी झाले. डोळे मिटून म्हटलं, प्रभू, मी त्याला क्षमा केलेली नाही. इतके महिने तुझ्याशी खोटं बोलले. करायचीच असेल तर तू शिकव, मला येत नाही. एवढंच म्हटलं. अंग कापलं नाही. रस्त्यावर गाड्या ओरडत होत्या आणि मला झोप लागली. आई गेल्यापासून दिवसाउजेडी अशी गाढ झोप आली नव्हती.

ती शांती होती का, मला सांगता येणार नाही. मंडळीत सांगतात तशी तर नव्हती. भाऊ आणि मी अजून बोलत नाही. यंदाही त्याच्या घराच्या रोषणाईचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर आले. पुढच्या खोलीच्या खिडकीत नवे पडदे होते. खाली लोकांनी जोडलेले हात टाकले होते. मी काही टाकलं नाही. पण त्या रात्री प्रार्थनेला बसले, तेव्हा खोटं काही बोलले नाही.