मशीनवर मुली : वीस

गुरुवार, बारा तारीख, सकाळी अकरा. स्थळ : सांगलीतल्या आमच्या कॉलेजचं सभागृह. हजर : प्राचार्य, कौशल्य विभागातले सगळे शिक्षक, कुपवाडच्या एका वर्कशॉपचे मालक, माने सरांच्या पत्नी आणि शिवणवर्गाच्या एकोणीस मुली. गैरहजर : एक.

शोकसभेत कुणी हजेरी घेत नाही. मी घेतली. विभागाच्या याद्या इतकी वर्षं मीच करते आहे, आणि हातात कागद-पेन असलं की मला रडू आवरता येतं. त्या दिवशी मात्र ते 'गैरहजर : एक' लिहिल्यावर पुढचं काही ऐकू आलं नाही. माने सर चार दिवसांपूर्वी गेले होते. सकाळी अंगणात स्कूटर पुसत असताना छातीत कळ आली, मिरजेच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिनकर माने मूळचे कोरेगावकडचे. त्यांची नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात गेली, निवृत्तीनंतर ते आमच्याकडे शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "बाई, हितं शिकून भाईर पडलेली पोरं पुढं काय करत्यात?" माझ्याकडे प्रवेशाच्या याद्या होत्या, निकालाच्या होत्या. ही नव्हती. "मग आपुन शिकीवतोय कशासाठी?" असं म्हणून ते हसले, पण त्यांनी विषय सोडला नाही. नवा अभ्यासक्रम उघडायच्या आधी आसपास कुणाला कसली माणसं हवीत ते विचारून यायचं, असं त्यांनी प्राचार्यांकडून कबूल करून घेतलं. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून कुपवाड, मिरज, इस्लामपूर फिरलो. सर बोलायचे, मी लिहायची. लोक आधी हसायचे. एका गॅरेजवाल्यानं तर विचारलं, "काय गुरुजी, मतं मागाय आलाय व्हय?" सर म्हणाले, "न्हाई गड्या, कामं मागाय आलोय."

कुपवाडच्या वर्कशॉपचे मालक यंत्रांच्या आवाजात ओरडून म्हणाले, "मशीनवर पोरी द्या. मापाला लय पक्क्या असत्यात. वीस द्या, लगेच घेतो." मी वहीत टिपलं : मशीनवर मुली, वीस.

तीन आठवड्यांनी मी पक्का तक्ता करायला बसले. वहीत दीडशेवर नोंदी होत्या. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, हे सगळं घेतलं तर तक्ता पानात मावेना. मी तो रकाना काढून टाकला. तक्ता नीटनेटका झाला. मग 'मशीनवर मुली' ही ओळ समोर आली. माझ्या माहेरी तासगावला मशीन म्हणजे एकच, आईची पायानं चालवायची शिलाईची. दुसरा अर्थ मनात आलाच नाही. मी ती ओळ 'शिवणकाम' या मथळ्याखाली घातली. सरांपुढे सहीला कागद ठेवला तेव्हा ते म्हणाले, "बाईंची यादी हाय. बघायचं काय त्यात?" आणि सही केली.

शिलाई मशिनी आल्या, वर्ग सुरू झाला. वीस मुली मिळाव्यात म्हणून सर स्वतः घरोघर गेले, काम नक्की आहे असा शब्द दिला. इस्लामपूरजवळच्या सुजातानं तर मिरजेत नर्सिंगला मिळालेला प्रवेश सोडला, सरांच्या त्या शब्दावर.

वर्षानं सर प्रमाणपत्रं घेऊन कुपवाडला गेले. मालकांनी ती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "आवं सर, लोखंड कातायच्या माझ्या लेथवर ह्या पोरी ब्लाऊज शिवणार हाईत काय?"

बैठक झाली. प्राचार्यांनी विचारलं, हे झालं कसं? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ऐकण्यात माझी चूक झाली." बैठकीचा वृत्तांत नेहमीप्रमाणे मीच लिहीत होते. 'श्री. माने यांच्या ऐकण्यातील चुकीमुळे…' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, असं का केलंत?" ते म्हणाले, "मला शिव्यांची सवय हाय बाई, लष्करात लय खाल्ल्यात. तुमचा यादीवरचा हात थरथराय लागला तर कामं कोण करणार?" वृत्तांत मी तसाच फायलीला लावला.

पुढची तीन वर्षं सरांच्या खिशात वीस नावांचा कागद होता. मालकांच्या मागे लागून त्यांनी मुलींना खऱ्या मशीनवर शिकवायला लावलं. कुणी लेथवर गेली, कुणी तयार माल मोजून तपासायला, दोघी मिरजेत दवाखान्यातले गाऊन शिवायला. काम लागलं की सर नावापुढे खूण करायचे. एकोणीस झाल्या. सुजाता राहिली. ती गावातल्याच दुकानात पुड्या बांधत होती. सर तिच्याकडे किती खेपा घालून आले, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमी सारखं कशाला येताय? ज्यानं लिवलं त्याला येऊ द्या. तवा बघू."

यादी लिहिताना चूक झाली, एवढंच सरांनी तिला सांगितलं होतं; माझं नाव सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "बाई, एकदा चला की माझ्यासंगं." मी म्हटलं, प्रवेश आटोपू देत. मग परीक्षा आल्या. मग तपासणीचं पथक. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत 'सुजाता' हे नाव एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवलं जात राहिलं. सर पुन्हा म्हणाले नाहीत. फक्त दर सोमवारी माझ्या टेबलाशी क्षणभर थांबायचे…

आता नव्या पाहणीचं काम माझ्याकडे आलं आहे. तक्त्यात पहिला रकाना 'कोण म्हणालं' हा घातला आहे. पान आडवं धरावं लागतं.

गेल्या रविवारी माने वहिनींनी सरांच्या शर्टाच्या खिशातला तो कागद मला आणून दिला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. "तुमचाच असंल," त्या म्हणाल्या. "धुवाय टाकताना रोज काढून ठेवाय लावायचे."

चूक माझी होती, हे इथं लिहिणं मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणारे मला ओळखत नाहीत. जिला सांगायचं ती इस्लामपूरच्या पलीकडे पुड्या बांधते आहे. आजच्या यादीत तिचं नाव पहिलं आहे. साडेनऊची एसटी होती. कागद पर्समध्ये घातला, चप्पल घातली, आणि हा लेख तेवढा पुरा करू म्हणून परत टेबलाशी बसले. आता साडेअकरा वाजले आहेत. विसाव्या नावापुढची जागा कोरीच आहे.