शेंदराचा कोपरा

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्तीनंतर मी कॉलेजात नाव घातलं आहे, आमच्या घरातला पहिलाच. आयुष्यभर पंचनामे लिहिले, असं काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं. नाव मात्र कुणाचंच देत नाही.

मी तेव्हा कासा गावाजवळच्या चौकीत सहायक फौजदार होतो. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि हायवेवरच्या गाड्या पाण्यातून चालल्यासारख्या दिसत होत्या. दवाखान्यात आया म्हणून काम करणारी एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"तक्रार नाय साहेब. स्वप्न पडतं."

आमचा हवालदार हसला. "ताई, स्वप्नाची एफआयआर कुठल्या कलमाखाली लिहू?"

ती हसली नाही. दोन खोल्यांचं नवं घर तिने ठरवलं होतं, विसार दिला होता आणि पुढच्या सोमवारी खरेदीखत होतं. जमिनीला हादरे बसू लागल्यापासून ती लेकीला घेऊन अंगणात ताडपत्रीखाली झोपत होती. छपराखाली बिनघोर झोपायचं, एवढ्यासाठीच तिला घर हवं होतं. पण स्वप्नात ते घर होडीसारखं हळूहळू शेतातून निघून जायचं, आणि आत लेक झोपलेली असायची.

"त्या घराशेजारची म्हातारी सांगते, पावसात घूस ह्या बाजूने जोत्याखाली शिरली नि त्या बाजूने बाहेर आली."

हवालदाराचं हसू थांबलं. पाया असलेल्या घराखालून घूस आरपार जात नाही. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि तिच्याकडून अर्ज घेऊन चौकशीला ठेवला.

हादरे सुरू झाल्यापासून आमच्याकडे घर घेणारा माणूस पहार घेऊन जातो आणि जोत्याचा एक कोपरा खणून पाया बघतो. कुणाला त्यात राग नसतो. मग हिने का नाही पाहिला? ते तिथे गेल्यावर कळलं. चारही कोपऱ्यांना शेंदूर फासलेले दगड होते, त्यांवर सुकलेल्या झेंडूच्या माळा. विकणारा हात जोडून म्हणाला, "साहेब, पायाभरणीचा देव आहे. कुदळ लावू नका. तुमच्याही घरी लेकरं आहेत."

मी थबकलो. खरं सांगतो, माझाही हात धजावला नाही. ऊन डोळ्यांवर आलं होतं, माळा वाऱ्याने हलत होत्या, आणि मी चपला काढून नमस्कार करून परत आलो. त्यात चार दिवस गेले. बाई रोज ड्युटी संपवून चौकीसमोरच्या चिंचेखाली बसायची.

शनिवारी ते घर बांधणाऱ्या गवंड्याला बोलावलं. वयस्कर माणूस, हाताला चुन्याच्या भेगा. हवालदाराने चहा दिला. पाया किती खोल? तीन फूट. दगड? काळा. सिमेंट? भरपूर. प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं येत होतं. तासभर विचारून मी दमलो. शेवटी जे विचारलं, त्यात काही डाव नव्हता. मला खरंच भीती होती.

"बाबा, देव नक्की कुठल्या कोपऱ्यात पुरलाय, तेवढं सांग. तो कोपरा सोडून खणतो."

त्याने कप खाली ठेवला. आमच्याकडे जुनी माणसं साहेबालाही 'तू' म्हणतात. तो म्हणाला, "सिमेंटचं खोटं बोललो, साहेब. देवाचं बोलायला लावू नको तू मला. खड्डाच मारला नाय, तर नारळ ठेवू कुठं?"

"आणि शेंदूर?"

"तो मालकाने आणला. डबाभर."

त्याच दिवशी दोन पंच घेऊन आम्ही गेलो. म्हातारी शेजारीण काठी टेकून आली. "आता तरी चपला घालून ये रं बाबा, काटे हायत," ती मला म्हणाली. पहिला कोपरा वीतभर खणला आणि नुसती माती लागली. दगडांची एकच रांग मातीवर मांडून ठेवलेली, पाटावर ताटं मांडावीत तशी. चारही कोपरे तसेच. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, विकणाऱ्याला अटक झाली, बाईचा विसार परत मिळाला.

लोक देवाला घाबरतात, हे त्या माणसाला माहीत होतं आणि त्याने त्याचा आडोसा केला. गवंडीही देवालाच घाबरला, म्हणून खरं बोलला. भीती तीच. वर्दीत असताना मला हे नीट सांगता आलं नसतं, आजही येतंय की नाही ठाऊक नाही. चौकशीत हुशारीपेक्षा मनापासून विचारलेला प्रश्न जास्त कामाला येतो, एवढं मात्र शिकलो.

पुढच्या थंडीत बाईने रानशेत गावात भावाच्या जागेत पाया खणायला घेतला आणि मला बोलावलं. छातीएवढा खड्डा होता. नारळ ठेवायला ती आत उतरली, ठेवला, आणि तिथेच थंड मातीवर आडवी झाली. डोळे मिटले.

वरून लेक ओरडली, "आई, ऊठ ना, लोक बघतात!"

ती उठली नाही. तिला झोप लागली होती. गवंड्यांनी घमेली खाली ठेवली, आणि आम्ही सगळे काठावर गप्प बसून राहिलो.