सात दिवसांची हजेरी

चंद्रहास तळेकरांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. अजमानहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या संगमरवराच्या कारखान्यात पोचायला कंपनीच्या बसला सव्वा तास लागतो, आणि त्या सव्वा तासात तळेकरकाकांच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नाही. तेवीस वर्षं आखातात काढली, त्यातली अकरा पॉलिशिंगचे मुकादम म्हणून. हाताखाली बत्तीस माणसं: मराठी, पठाण, नेपाळी, बंगाली. हिंदी अशी की ऐकणाऱ्याने कानाला हात लावावा, पण काम चोख. तर असा माणूस चार दिवस मुका झाला, त्याची ही हकीकत.

संगमरवर पॉलिश करणाऱ्याचे हात दिवसभर पाण्यात आणि दगडाच्या लगद्यात असतात. वर्ष-दोन वर्षांत बोटांवरच्या रेषाच झिजून जातात. मग सकाळी हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की मशीन विचारतं, तू कोण? बीडकडच्या किसनचं तर दहापैकी एकही बोट त्या मशीनला पसंत पडेना. मागे लाइन खोळंबायची, पाच भाषांत शिव्या सुरू व्हायच्या. काकांनी आपला सोपा तोडगा काढला. "किसन, तू लाग रे कामाला. मी लिहितो तुझं." खिशातल्या डायरीत नाव टिपायचं आणि महिनाअखेरीला ऑफिसात द्यायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मार्चमध्ये नवी सिस्टीम आली आणि तिच्याबरोबर नोटीस: हाताने लिहिलेली हजेरी बंद, जो मुकादम लिहील त्याची नोकरी खलास. काकांनी नोटीस वाचली, मान डोलावली आणि पुन्हा डायरी काढली. इथल्या नोटिसा महिनाभरात विरतात, असा त्यांचा अनुभव. ही मेली टिकली. सलग सात दिवस मशीनला किसन दिसला नाही, आणि ऑफिसातून तक्रार गेली की हा कामगार पळून गेलाय. पळून गेलेला हा गडी त्या वेळी काकांपासून दहा फुटांवर कुणाच्या तरी व्हिलाच्या पायऱ्या घासत होता! पुढच्या रविवारी तो अल कुसैसला गाववाल्याकडे निघाला, वाटेत पोलिसांनी कार्ड तपासलं, नावापुढे तक्रार दिसली आणि त्याला उचललं. आता आधी कोठडी, मग परतीचं विमान, आणि वर पुन्हा या देशात यायची बंदी.

मंगळवारी एचआरच्या शिवानीने काकांना बोलावून हे सांगितलं. शिवानी शारजातच वाढलेली, वयाने काकांच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. "काका, कंपनी कम्प्लेंट विथड्रॉ करू शकते," ती म्हणाली, "पण तो त्या सात दिवसांत प्रेझेंट होता याचं प्रूफ लागेल. तुमच्याकडे आहे का काही?"

प्रूफ शर्टाच्या खिशात होतं. डायरी काढली की किसन सुटणार, आणि आपण बॅग भरणार. बायकोचा व्हिसा आपल्या नोकरीवर, लेक अस्मीचा व्हिसा आपल्या नोकरीवर, तिची बारावी तोंडावर.

"बघतो," काका म्हणाले.

आणि बघत बसले. बुधवार गेला, गुरुवार गेला. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचे. घरी हेमाकाकूंनी विचारलं, बरं नाही का? अस्मीने मोबाइलमधून मान वर काढून विचारलं, "बाबा, आर यू ओके?" दोघींना एकच उत्तर: ॲसिडिटी. भित्रेपणाला काकांनी चार दिवस ॲसिडिटीच म्हटलं.

शनिवारी सकाळी बसमध्ये अबरार शेजारी येऊन बसला. पेशावरचा, पॉलिशिंगमधला सगळ्यात जुना माणूस. "मुकादम, डायरी का सोच रहे हो ना?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मेरा नौकरी जाएगा, अबरार."

"अकेले जाओगे तो जाएगी," अबरार म्हणाला.

इथे युनियन नाही. संप हा शब्द तर कुणी झोपेतही उच्चारत नाही. त्यामुळे अबरारने सगळं जेवणाच्या सुट्टीत बसवलं, कामाचा एक मिनिटही वाया जाता कामा नये. घंटा झाली तसे एकतीस जण हात धुऊन ऑफिसबाहेरच्या मशीनसमोर लाइनीत उभे राहिले. डबे तसेच बंद. मॅनेजर बाहेर आला, काय तमाशा आहे म्हणाला. अबरारने सलाम केला आणि म्हणाला, "सर, बस देखिए." एकेकाने बोट ठेवलं. पहिल्या फटक्यात मशीनने नऊ जणांना नाकारलं. रोज सकाळी हे नऊ जण बोटं बदलून, घासून, फुंकून कसेबसे कामगार ठरत होते.

मग काका पुढे झाले. डायरी उघडून धरली. आवाज नेहमीचा, म्हणजे मोठा. "किसन कुठेही पळाला नव्हता, साहेब. सातही दिवस कामावर होता. हे बघा, माझं अक्षर."

"नोटीस वाचली नव्हती?"

"वाचली होती."

"हम सबने उसको काम करते देखा है," अबरार म्हणाला, "हमारा भी नाम लिख लो." शिवानीने तिथेच कागद टाइप केला, आणि एकतीस जणांनी सह्या ठोकल्या. एका मुकादमाला घरी पाठवणं मॅनेजरला सोपं होतं. पण हॉटेलच्या लॉबीची ऑर्डर डोक्यावर असताना एकतीस पॉलिशवाल्यांना कुठे पाठवणार? त्याने कपाळाला हात लावला आणि तक्रार मागे घ्यायला सांगितलं. शिवानीने तेवढ्यात एक नियमही पास करून घेतला: यापुढे कुणाचीही तक्रार करण्याआधी मुकादमाला आणि सोबतच्या दोघांना विचारायचं. काकांची मुकादमी मात्र गेली. सोमवारपासून पुन्हा पॉलिशचं मशीन हातात आणि पाय पाण्यात. नोकरी टिकली.

किसन सुटला तो तेराव्या दिवशी. त्यानंतरच्या रविवारी अजमानला कामगारांच्या खोलीवर अबरारने मटण रांधलं. किसन वाळला होता, पण हसत होता. "काका, आत मी रोज सगळ्यांना सांगायचो, आज संध्याकाळी माझा मुकादम येणार बघा."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "किसन, मला मंगळवारीच कळलं होतं रे. चार दिवस मी तोंड उघडलं नाही. घाबरलो मी. माफ कर."

बाकीचे उगाच ताटात बघू लागले.

"अबरारभाईंनी सांगितलं मला," किसन म्हणाला. "राग आला होता, काका. खोटं कशाला बोलू?" मग त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवला. "माझ्या बाजूला एक बंगाली पोरगा होता. त्याच्यावरही अशीच तक्रार, आणि तीही खोटीच. अठ्ठावीस दिवस झाले, कुणी आलेलं नाही. हा त्याच्या फोरमनचा नंबर. मी फोन केला तर तो उचलून ठेवून देतो. तुम्ही बोला. तो कशाला घाबरलाय ते तुम्हाला माहीत आहे."

काकांनी हात धुतले, चष्मा लावला आणि नंबर फिरवला.