शुक्रवारचा रस्ता

सुरवाडे मॅडम नव्या रस्त्यावर उतरल्या की आधी गाड्या बघत नसत. चहावाल्याला विचारत, "दादा, इथं वैताग कधी येतो?" उत्तर मिळालं की मला म्हणत, "चल, तोच तास मोजायचा. पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर आपल्याला बघायचं नाही."

उल्हासनगरातल्या एका छोट्या ऑफिसात त्या इंजिनीअर होत्या, मी त्यांचा असिस्टंट. नव्या इमारतींमुळे रस्त्यावर किती गाड्या वाढतील, याचे रिपोर्ट आम्ही बिल्डरांना करून द्यायचो. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. रुबाबात टाय लावून जायचो. मॅडम म्हणायच्या, "सोड रे तो टाय. लोक बोलत नाहीत टायशी."

तेव्हा अंबरनाथजवळच्या पालेगावात शेतांवर टॉवरच्या पाट्या लागत होत्या. अशाच एका कॉम्प्लेक्सचं गेट शाळेसमोर उघडणार होतं. बिल्डरने सुचवलं, शुक्रवारी मोजा.

आमचे शेठ खूश. "वर्किंग डे है ना, मॅडम!"

"कॅलेंडरमध्ये, शेठ. इथल्या कंपन्यांना शुक्रवारी सुट्टी. याला विचारा, याच्या घरी मटण कधी शिजतं?"

"शुक्रवारी," मी म्हणालो. बाबा अंबरनाथला कंपनीत होते. आमचा रविवार शुक्रवारीच यायचा.

शेठ हसले नाहीत. "पार्टी हातची गेली तर?"

"आणि पोरगं गाडीखाली गेलं तर? रिपोर्टवर सही माझी असते, शेठ. शुक्रवारच्या आकड्यांवर ती होणार नाही."

आम्ही गुरुवारी गेलो, दुपारी, पहिली शिफ्ट आणि शाळा एकदम सुटते तेव्हा. कंपन्यांच्या बसेस, टेम्पो, सायकली आणि त्यांच्यामधून पळणारी दप्तरं. मॅडम एका मुलीचा हात धरून तिला पलीकडे नेत होत्या आणि तिथूनच माझ्यावर ओरडल्या, "बघत काय बसलास? मोज!"

रिपोर्ट वाचून नगरपालिकेने परवानगी अडवली. बिल्डरने कुरकुरत गेट मागच्या रस्त्याला नेलं, पण पुढची कामं दुसरीकडे दिली. शेठनी मॅडमना काढून टाकलं.

त्यांचा शेवटचा दिवस नेमका शुक्रवार होता. मी त्यांना बदलापूरला घरी सोडायला रिक्षात बसलो. कंपन्यांचा पट्टा आला. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं निवांत झोपलेलं. रिक्षा त्याला वळसा घालून भरकन निघाली.

"बघ, काय सुंदर रस्ता आहे! हाच दाखवायचा होता त्यांना," म्हणत मॅडम खळखळून हसल्या. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "तू मात्र राजीनामा देऊ नकोस हं. शुक्रवारी मटण खाणारं कुणीतरी त्या ऑफिसात पाहिजे."